माहीत नाही म्हणणाऱ्या लिव्हरवाल्या बाई

माझी लेक आणि मी आज धडधाकट आहोत त्या दोन बायांमुळे. एक माझी सासू आणि दुसऱ्या लिव्हरवाल्या बाई. सासूचे उपकार घरातच आहेत. गरम भाकरी वाढली, पाय चेपून दिले की थोडे हलके झाल्यासारखे वाटतात. बाईंचे मात्र तसेच राहिले. म्हणून आधी त्यांचं नाव घ्यायचं आणि मग काय झालं ते सांगायचं, असं ठरवून लिहायला बसले, तर पहिल्याच ओळीला अडले. कारण बाईंचं नाव मी लिहिणार नाही. पहिल्या दिवशी त्या मला म्हणाल्या होत्या, "तुझं नाव माझ्या कागदावर कुठंच येणार नाही. तू एकेचाळीस नंबर." त्यांनी माझं नाव झाकून ठेवलं, मग मी त्यांचं कसं उघडं करू? तसंही आमच्याकडं त्यांना नावानं कोण ओळखत होतं! 'लिव्हरवाल्या बाई आल्या' म्हटलं की गोरेगावपासून साखऱ्यापर्यंत सगळ्यांना कळायचं.

मी नववीपर्यंत शिकले. नववीत गणित आणि इंग्रजी राहिलं, आणि मग शाळाच राहिली. माहेर गोंदियाकडं, धानाच्या मुलखात. तिथून इकडं यायचं तर दोन गाड्या बदलून सबंध दिवस जातो. मध्यस्थानं सोयरीक जमवली आणि मी हिंगोली जिल्ह्यात आले. पहिले सहा महिने मला ज्वारीची भाकरी थापता येत नव्हती आणि लोकांचं अर्धं बोलणं कळत नव्हतं. स्वभाव मुळातच घाबरट. दारात कुणी कागद घेऊन उभं राहिलं की मी दाराआड होते. आपलंच काहीतरी चुकलं असणार असं वाटतं. आणि बाई तर कायम कागद घेऊनच यायच्या.

बाई पुण्याच्या. पन्नाशीच्या, बुटक्या, अंगावर सुती साडी आणि पायात शाळेच्या पोरांचे असतात तसे पांढरे बूट. गळ्यात शिंप्यासारखी मोजपट्टी. अंबाड्यात पेन्सिल खोचलेली, कधीकधी दोन. पेन्सिल हरवली म्हणून सगळं आरोग्य उपकेंद्र उलथंपालथं करायच्या आणि ती डोक्यातच असायची. सांगायची मात्र कुणाची हिंमत नव्हती. पहिल्या दिवशी लेकरं त्यांना 'शिंपीणबाई' म्हणाली. एक म्हातारी तर पोलक्याचं माप द्यायला हात वर करून उभीच राहिली. बाईंनी तिला नाही म्हटलं नाही. कमरेचं माप घेतलं, लिहून घेतलं, आणि म्हणाल्या, "आभारी आहे, आजी." म्हातारी पुढचे दोन महिने पोलक्याची वाट बघत होती.

त्या काय शोधत होत्या, ते त्यांनी आमच्या ओट्यावर खडूनं चित्र काढून सांगितलं होतं. "हे लिव्हर. उजव्या बरगडीखाली असतं. तुमच्या घरात हळदीची पोती ठेवता ना, भाव येईपर्यंत? एकदोन पोती असली तर चालतं. पण घरभर पोती झाली तर चूल कुठं पेटवायची, झोपायचं कुठं? लिव्हरमध्ये चरबी साठली की तसंच होतं. आणि बाई गरोदर असली तर त्याच घरात आणखी एक पाहुणा येणार असतो. मग काय होतं?"

आशाताईंनी, म्हणजे गावात सरकारी आरोग्याचं काम बघणाऱ्या ताईंनी विचारलं, "काय होतं, मॅडम?"

"माहीत नाही," बाई म्हणाल्या. "थोडं माहीत आहे. साखर वाढते, बीपी वाढतं, लेकरू लवकर येऊ शकतं. पण कुणाला होतं, कुणाला नाही, आणि काहून?"

हा 'काहून', म्हणजे 'का', त्यांनी आमच्याकडून उचलला होता. त्यांना तो इतका आवडला की कुठंही लावायच्या. चहात साखर जास्त काहून, गाडी बंद काहून, आभाळ आलं आणि पाऊस नाही काहून. पुण्याच्या साफ बोलण्यात मध्येच तो शब्द आला की आम्हाला हसू यायचं. पण त्याहून नवल होतं ते 'माहीत नाही'चं. आमच्याकडं डॉक्टर म्हणजे माणूस आत आला की हात न लावता रोग सांगणार आणि सुई टोचणार. ही बाई एवढी शिकलेली, आणि दिवसातून दहा वेळा 'माहीत नाही' म्हणायची. तेही खाली मान घालून नाही, तर एखादी चांगली वस्तू सापडल्यासारखं.

दुसरी खोड तेलाची. बायांना 'तेल किती घालता' विचारलं तर सगळ्या चिमणीएवढं सांगायच्या. समोर फोडणी घालायला लावली तरी त्यांच्यापुढं हात आखडायचा. मग बाईंनी विचारणंच सोडलं. घरात आल्या की सरळ तेलाचा डबा उचलायच्या, हलवायच्या, कधी आणला, घरात माणसं किती, एवढंच विचारायच्या आणि मनातल्या मनात हिशेब लावायच्या. आमच्या घरी आत्यांना म्हणाल्या होत्या, "उपासाच्या दिवशी तुमच्याकडं तेल दुप्पट लागतं." आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. त्या सोमवार आणि गुरुवार धरतात. साबुदाणा, शेंगदाणे, बटाटे, सगळं व्यवस्थित. त्या इतक्या रागावल्या की बाई गेल्यावर डबाच धान्याच्या कणगीत लपवून ठेवला.

पण बाई दुसऱ्याचं मोजायच्या आणि स्वतःला सोडायच्या, असंही नव्हतं. त्यांच्या रजिस्टरात पहिल्या ओळीत एक नंबर होता, शून्य. त्या स्वतः. त्यांच्याही लिव्हरला चरबी होती. आणि कनेरगाव नाक्यावरच्या धाब्याची भजी दिसली की त्यांच्याच्यानं राहवायचं नाही. गाडी थांबवायच्या, दोन भजी खायच्या, तेलकट बोटांनी पेन्सिल काढायच्या आणि शून्य नंबरापुढं 'भजी दोन' असं लिहायच्या. तीन खाल्ली तर तीन.

महिन्यातला एक बुधवार ठरलेला असायचा. त्या दिवशी त्यांची गाडी आम्हा गरोदर बायांना हिंगोलीला न्यायची, सोनोग्राफीला. मशीन गावात आणायची परवानगी नसते, म्हणून आम्हीच जायचो. दवाखान्यात भिंतीवर मुलगा-मुलगी सांगत नाहीत असा मोठा बोर्ड, तरी सगळ्याजणी हळूच विचारायच्याच. बाई म्हणायच्या, "मी बरगडीखाली बघते. त्याच्याखाली कोण राहतं ते मला विचारू नका." मला तिसरा महिना होता. टेबलावर पडले, पोटावर गार चिकट काहीतरी लावलं आणि मी डोळे मिटून घेतले. मशीनवाले डॉक्टर काहीतरी इंग्रजीत बोलले. बाई खुर्चीवरून उठून पडद्याजवळ गेल्या.

"अरे वा," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, काहीतरी चांगलं निघालं.

"तू तर काडीसारखी आहेस. तुला काहून?"

मला चरबी निघाली होती. लठ्ठ बायांना असते ते सगळ्यांना माहीत होतं, पण माझ्यासारखीला का, हे बाईंना हवं होतं. त्यांचे डोळे चमकत होते आणि मी पोटावरचं चिकट पदरानं पुसत होते. रिपोर्टचा कागद हातात आला तेव्हा मला नववीचा निकाल आठवला. तोच इंग्रजी कागद, तेच समोरच्याचं तोंड बघत उभं राहणं. बाईंनी समजावून सांगितलं. घाबरण्यासारखं नाही, पण दर आठवड्याला बीपी बघायचं, साखर तपासायची, चहातली साखर कमी करायची, रोज चालायचं. मी मान हलवत होते आणि एक शब्द डोक्यात शिरत नव्हता.

घरी आले. आशाताईंनी आत्यांना कागद वाचून दाखवला. "लिव्हरला चरबी हाय म्हणतात."

आत्या सूप घेऊन तुरी पाखडत होत्या. सूप तसंच थांबलं. "लिव्हर?"

आमच्याकडं लिव्हर हा शब्द एकाच गोष्टीसाठी आहे. ज्याचं लिव्हर गेलं तो पिणारा. दुसरं कारण लोकांना ठाऊकच नाही. आणि माझ्याविरुद्ध पुरावाही मीच दिला होता. नवीन नवीन आले तेव्हा, माहेरची आठवण आली म्हणून, मी आत्यांना सांगितलं होतं की आमच्याकडं चैतात पहाटे उठून सगळ्या बाया मोहफुलं वेचायला जातात. आई ती भाजून, तिळात कुटून लाडू करायची. तेव्हा त्या कौतुकानं ऐकत होत्या. आता त्यांना त्यातलं मोहफूल तेवढं आठवलं. मोहाची कशी दारू निघते, ते साऱ्या मुलखाला माहीत आहे.

संध्याकाळी हे आले. माझे मालक गोरेगाव-हिंगोली काळी-पिवळी जीप चालवतात. स्वभावानं गरीब. जेवताना खाली बघून म्हणाले, "खरं सांग, रागावणार न्हाई. घेतलीस का कवा?"

मला रडूच कोसळलं. आमच्या घरात रडणं म्हणजे कबुली, असं आत्यांना वाटलं असावं. दुसऱ्या दिवशी त्यांनी फर्मान काढलं: हिनं आता बुधवारी जायचं न्हाई, त्या बाईच्या दारात पाय ठेवायचा न्हाई, जगात बोभाटा नको. आठ दिवसांत मैलभर बोभाटा झालाच. पिठाच्या गिरणीवर मी गेले की बाया गप्प व्हायच्या. हे म्हणाले, आईचा राग उतरेपर्यंत तुला गोंदियाला सोडून येऊ का. सोडून येऊ म्हणाले, पण परत आणायला कधी येऊ, ते बोलले नाहीत. माझी आई नाही. वडील भावाकडं राहतात, भावाची एक खोली. जाऊन मी राहणार कुठं? आणि तिकडं बीपी कोण बघणार, साखर कोण बघणार? रात्रंदिवस पोटावर हात ठेवून मी एवढाच विचार करायचे.

पुढच्या महिन्याच्या बुधवारी मी गेले नाही. गुरुवारी बाई आमच्या दारात.

आत्या अंगणातच होत्या. उठल्या नाहीत. बाईंनी आपलं घडीचं स्टूल काढलं, आत्यांच्या समोर मांडलं आणि बसल्या.

"एकेचाळीस नंबर आली नाही. काहून?"

"ती नंबर न्हाई, आमची सून हाय. आन् तिला काय झालं ते गावाला म्हाईत झालंय."

"दारूमुळं झालेलं नाही ते."

"मग कशानं झालं?"

"माहीत नाही."

आत्या उठूनच उभ्या राहिल्या. "आं! इतकी मोठी डाक्टरीन आन् म्हाईत न्हाई? मग दारूनं न्हाई झालं हे कसं म्हाईत?"

मी दाराआडून ऐकत होते. मला वाटलं, संपलं. पण बाई खूश झाल्या. "हा चांगला प्रश्न आहे," त्या म्हणाल्या आणि अंबाड्यातली पेन्सिल काढली. "तुम्ही दारूनं लिव्हर गेलेलं कुणाचं बघितलंय?"

आत्या परत खाली बसल्या. मग म्हणाल्या, "माझा भाऊ."

मला हे माहीत नव्हतं. घरात कुणी कधी बोललं नव्हतं. बाईंनी एकामागून एक विचारायला सुरुवात केली. किती वर्षांचा होता, प्यायला कधी लागला, पोट कधी फुगलं, डोळे पिवळे आधी झाले की पाय आधी सुजले. दुसरं कुणी असतं तर वाटलं असतं, जखमेवरची खपली काढतेय. पण आत्या सांगत गेल्या. भावाचं पोट घागरीसारखं झालं होतं, सरळ झोपता येत नव्हतं, शेवटी बहिणीलाही ओळखत नव्हता. मग त्या माझ्याकडं, दाराआडच्या माझ्या पोटाकडं बोट करून म्हणाल्या, "हिचं पोट वाढताना बघते तवा मला त्योच दिसतो, बाई. मी काय वैरीण हाय का तिची?"

बाईंनी लिहिणं थांबवलं. त्यांना सांत्वन करता यायचं नाही. पिशवीतून पेरू काढला, पेन्सिल तासायच्या चाकूनं अर्धा केला आणि आत्यांच्या हातात दिला. "पुढच्या खेपेला तुम्हीपण चला," त्या म्हणाल्या. "तुमचं बघू."

"माझं काय बगता? मी पानाला चुना बी लावत न्हाई."

"म्हणूनच."

मला वाटतं, आत्या गेल्या त्या आपण कशा स्वच्छ आहोत हे दाखवायला. गळ्यातली तुळशीची माळ नीट पदरावर काढून टेबलावर पडल्या. मी कोपऱ्यात उभी. मशीनवाले डॉक्टर बोलले, बाई पडद्याजवळ गेल्या. मी बाईंच्या तोंडाकडं बघत होते. डोळे तसेच चमकले.

"आत्या, तुम्हाला सुनेपेक्षा जास्त आहे."

आत्यांनी मान वळवून आधी बाईंकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "म्हंजी," त्या सावकाश म्हणाल्या, "मी पिऊन राहिले का?"

तिथली नर्स तोंडावर फाईल धरून बाहेर पळाली. बाई हसल्या नाहीत. अगदी मन लावून म्हणाल्या, "नाही. म्हणजे दारू न पिता हे होतं. हे तुम्हीच सिद्ध केलं."

परत येताना नाक्यावर बाईंनी सवयीनं गाडी थांबवली, भज्यांची बशी आली. आत्यांनी बशीकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "एक मला बी द्या. आता लपवून काय करायचं."

दुसऱ्या दिवशी आत्या दळण घेऊन स्वतः गिरणीवर गेल्या. एरवी मी जायचे. तिथं मोठ्यानं म्हणाल्या, "माझ्या सुनेच्या लिव्हरला चरबी हाय. मला तिच्यापेक्षा जास्ती हाय. आता कोण म्हणतं मी पेते, त्यानं माझ्यापुढं यावं." कुणी आलं नाही. उलट त्याच आठवड्यात पाचसहा बाया आशाताईंकडं गेल्या, आमचं बी बघा म्हणून. बाईंची परवानगी गरोदर बायांपुरतीच, आत्यांचं कसंबसं बसवलेलं. त्यांना नाही म्हणताना बाईंचं तोंड, लेकराच्या हातातला खाऊ काढून घेतल्यासारखं झालं होतं.

मग आम्ही दोघी चालायला लागलो. रोज सकाळी साखऱ्याच्या रस्त्यानं, मैलभर जायचं आणि यायचं. आता आमच्याकडं बाईमाणूस रस्त्यानं चाललंय म्हणजे कुठंतरी चाललंय. प्रत्येक जीप थांबायची. "कुठं सोडू, काकू?" "कुठंच न्हाई." "मग काहून चालून राहिल्या?" याला काय उत्तर द्यायचं? तिसऱ्या दिवशी आत्यांनी शक्कल काढली. एक रिकामी प्लास्टिकची बरणी हातात घेतली. कुणी विचारलं की बरणी दाखवायच्या, "ताक आणायला." तीन महिने आम्ही त्या बरणीत ताक आणत होतो. बाईंना हे कळलं तेव्हा त्यांनी बरणी मागून घेतली, उलटी करून पाहिली, आणि रजिस्टरात काय लिहिलं कोण जाणे, बराच वेळ लिहीत होत्या.

बाईंची स्वतःची मोठी चूक मात्र सातव्या महिन्यात उघडी पडली. पहिलटकरणींच्या पाळीला मी उपकेंद्रावर गेले तर बाकावर मी एकटीच. आमच्या भागातल्या पहिलटकरणी आम्ही नऊ जणी होतो. बाई घड्याळ बघत होत्या.

"बाकीच्या?"

"माहेरी गेल्या."

"सगळ्या?"

"पहिलं लेकरू माहेरी असतं ना, बाई. ओटी भरली की जातात."

बाई स्टुलावर बसल्या. बराच वेळ त्यांचे खांदे हलत होते. मला वाटलं रडतायत, पण त्या हसत होत्या. "दोन वर्षं या अभ्यासाचा कागद तयार केला," त्या म्हणाल्या. "मोठमोठ्या माणसांनी वाचला, सुधारला, सह्या केल्या. एकालाही माहेर आठवलं नाही!" मग डोळे पुसून माझ्याकडं वळल्या. "तू काहून गेली नाहीस?"

मी सांगितलं. आई नाही, लांब आहे, एक खोली आहे.

"बरं झालं," बाई म्हणाल्या आणि लगेच जीभ चावली. "नाही, बरं नाही झालं. माझ्या कामाला बरं झालं, तुला वाईट झालं. दोन्ही लिहिते." आणि खरंच दोन्ही लिहिलं. मला आजपर्यंत कुणी असं सांगितलेलं नाही. लोक म्हणतात, सासर हेच माहेर समज. बाईंनी तसं काही समजायला लावलं नाही.

त्यानंतर त्या उरलेल्या आठ जणींच्या मागं लागल्या. कुणी रिसोडकडं, कुणी जिंतूरकडं. पांढरे बूट चिखलानं काळे करून माहेरच्या दारात उभ्या राहायच्या आणि तेच सात सवाल विचारायच्या. हे सवाल त्या दर वेळी त्याच क्रमानं विचारत: डोकं दुखतं? डोळ्यांपुढं काही चमकतं? उजव्या बरगडीखाली दुखतं? तोंड-हात सुजलेत? मळमळ? अंगाला खाज? लेकरू हलतंय? मला ते पाढ्यासारखे पाठ झाले. आत्यांना तर ऐकून ऐकून माझ्याआधी झाले. सकाळी चुलीपुढं बसूनच त्या विचारायच्या, अगदी बाईंच्या आवाजात, मुद्दाम नाक वर करून. आम्ही दोघी हसायचो.

आठवा संपत आला होता. दुपारची वेळ. सकाळपासून माझं डोकं ठणकत होतं, पण मी बोलले नव्हते. ऊन असेल म्हटलं. कशाला उगीच कुणाला त्रास. आत्या शेतातून आल्या, माझ्याकडं पाहिलं आणि चप्पल न काढताच सुरू झाल्या. "डोकं?"

"दुखतंय."

"डोळ्यांपुढं?"

"काजवे चमकतात."

"बरगडीखाली?"

मी हात ठेवला तिथं. आत्यांनी चौथा सवाल विचारलाच नाही. फोन उचलला.

हे गोरेगावच्या स्टँडवर होते, जीप भरलेली. फोन आला तशी त्यांनी सगळ्यांना उतरा म्हटलं, तर एक उतरेना. मागं बसलेले एक म्हातारबाबा म्हणाले, "आमाला घिऊनच चल. रिकामी जीप दिसली का रस्त्यात लोक हात करतेत, आन् तुला थांबायची सवय हाय. आमी हावोत तर जागाच न्हाई." तसेच आले. एका अनोळखी बाईनं माझे पाय मांडीवर घेतले. आत्या वाटेत बाईंना फोनवर सांगत होत्या, "एक व्हय, दोन व्हय, तीन व्हय." पलीकडून काय उत्तर आलं मला ऐकू आलं नाही. पण दवाखान्यात पोचलो तेव्हा बाहेर स्ट्रेचर घेऊन माणसं उभी होती, आणि बीपीचा आकडा बघून तिथल्या डॉक्टरीणबाई जे पळाल्या ते मी पाहिलं. पुढचं मला नीट आठवत नाही.

लेक लवकर आली, लहानशी आली, पण रडली. काचेच्या पेटीत थोडे दिवस राहिली.

बाई त्या वेळी कुणाच्यातरी माहेरच्या गावात होत्या. तिथून तशाच आल्या, बुटांना चिखल, अंबाडा सुटलेला. आत आल्या आल्या पहिलं काय विचारावं? "वजन किती?" आत्यांनी सांगितलं. बाईंनी पेन्सिलीसाठी डोक्याला हात लावला, पेन्सिल नव्हती. तशाच उभ्या राहिल्या. त्यांना तसं रिकाम्या हातानं उभं मी एकदाच पाहिलं.

मी म्हटलं, "बाई, तुमच्यामुळं वाचलो आम्ही."

"माहीत नाही," त्या म्हणाल्या. "चरबीमुळं बीपी वाढलं का, तेही माहीत नाही. एकटीवरून सांगता येत नाही." मग माझ्या पलंगाची चादर उगीचच नीट करत म्हणाल्या, "तू प्रश्नांची उत्तरं बरोबर दिलीस, एवढं माहीत आहे."

नववीनंतर मला पहिल्यांदा कुणी बरोबर म्हटलं होतं. मी भिंतीकडं तोंड केलं.

पुढं बाईंच्या कामाची मुदत संपली. शेवटच्या दिवशी त्या आमच्या घरी आल्या, तेलाचा डबा हलवून पाहिला, आत्यांना म्हणाल्या, "कमी झालंय. की दुसरा लपवलाय?" आत्यांनी कणगीतला दुसरा काढून समोर ठेवला. लेक तोवर बसायला लागली होती. बाई तिच्याकडं खूप वेळ बघत राहिल्या. "या लेकरांचं पुढं काय होतं?" त्या म्हणाल्या, आणि स्वतःच उत्तर दिलं, "माहीत नाही." रजिस्टर उघडं होतं. त्यात नंबरांपुढं ओळी भरलेल्या, आणि चार ओळी कोऱ्या. माहेरी गेलेल्या आठ जणींपैकी चौघी त्यांना सापडल्याच नव्हत्या. कुणाचा फोन बदलला, कुणाचं गावच चुकलं. बाईंचं बोट त्या कोऱ्या ओळींवरून दोनदा फिरलं. जाताना अंबाड्यातली पेन्सिल काढून त्यांनी माझ्या हातात दिली. का दिली, ते बोलल्या नाहीत.

बाई, तुम्हाला सांगायचं ते हे. लेक आता पळते. दर महिन्याला तिची उंची, वजन आणि आम्ही तिघी काय खातो ते मी तुमच्या पेन्सिलीनं लिहून ठेवते. आत्या भजी खातात तेही लिहिते. आणि त्या चौघींतल्या दोघी मला सापडल्या. एक लेकराला घेऊन सासरी परत आली होती. तुमचं नंबराचं कार्ड तिनं अजून ट्रंकेत जपलंय. दुसरीला यांनी जीपमध्ये ओळखलं. दोघींना विचारलं, बाईंसाठी सांगता का, त्या हो म्हणाल्या. सात सवाल विचारले, त्याच क्रमानं. नाव लिहिलेलं नाही, नंबरच लिहिलाय.

दोघी राहिल्यात. एक पुण्याकडं कामाला गेली म्हणतात, दुसरीचा माग अजून लागायचा आहे. मला अनोळखी दारात उभं राहायची अजून भीती वाटते, पण हातात कागद असला की जमतं. दोघी सापडल्या की लेकीला घेऊन, तुम्ही जिथं असाल तिथं मी येईन, दोन गाड्या बदलाव्या लागल्या तरी येईन. तुम्ही विचाराल, त्या चौघींचं काय झालं? तेव्हा मी माहीत नाही म्हणणार नाही.